मानखुर्दचं 'सल्ला केंद्र': पाचपैकी साडेतीन

आधी स्टार सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्याला पुढचं वाचायला नको. पाचपैकी साडेतीन. माणसांना पाच, जागेला अडीच, वेळेला दोन. हिशोबाने तीनच्या थोडं वर येतं. बाकीचं मी माझ्या मर्जीने चढवलंय, कारण पैसे घेत नाहीत आणि आमच्या बाजूला डोक्याच्या त्रासासाठी दुसरं असं काही नाही.

मी रिक्षा चालवतो. गोवंडी स्टेशन, बैगनवाडी, शिवाजीनगर, मानखुर्द, फार तर घाटकोपर. आजवर रिव्ह्यू लिहिले ते गॅरेजवाल्याचे, सीट कव्हरवाल्याचे आणि एका बिर्याणीच्या गाडीचे. डोक्याच्या दवाखान्याचा लिहीन असं वाटलं नव्हतं. पण हे केंद्र सुरू होऊन बराच काळ झाला तरी त्याबद्दल कुठे एक ओळ सापडत नाही. जे जातात ते बोलत नाहीत, आणि जे बोलतात ते कधी आत गेलेले नसतात. संस्थेचं नाव मुद्दाम देत नाही. तक्रारीही लिहिणार आहे, आणि तक्रारीसकट नाव फिरलं की देणगी देणारा आधी हात आखडता घेतो, चौकशी नंतर करतो. ज्याला खरंच जायचंय त्याने लल्लूभाई कंपाउंडच्या बाजूला कुठल्याही आरोग्यसेविकेला विचारावं, ती दारापर्यंत सोडेल.

आमची वस्ती माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. हा एम पूर्व वॉर्ड. देवनारचं डम्पिंग ग्राउंड १९२७ पासून इथे आहे, कत्तलखाना इथे आहे, आणि शहरात रूळ वाढवायचे झाले, रस्ता किंवा नाला रुंद करायचा झाला की तिथली माणसं उचलून आणून ठेवायची जागाही हीच. आम्ही स्वतः एमयूटीपीत, म्हणजे रेल्वे-रस्ते वाढवायच्या सरकारी प्रकल्पात, रुळाकडेच्या झोपडीतून इथे आलो. २२५ चौरस फुटांची खोली, सातवा मजला, लिफ्ट आठवड्यातून चार दिवस बंद, आणि समोरच्या इमारतीतला माणूस दाढी करताना ब्लेड कुठल्या कंपनीचं वापरतो ते कळावं इतकी त्याची खिडकी जवळ. महापालिकेनेच २००९ साली मुंबईचा मानव विकास अहवाल काढला होता, त्यात सगळ्या वॉर्डांत शेवटचा नंबर आमचा. अशा ठिकाणी डोक्याला त्रास होतो याचं कुणाला नवल वाटत नाही, आणि नवल वाटत नाही म्हणून कुणी त्याला आजारही मानत नाही. 'इथे सगळ्यांनाच टेन्शन आहे' म्हणतात आणि कटिंग सांगतात.

केंद्र म्हणजे एका इमारतीच्या तळमजल्यावरचं कमिटीचं ऑफिस. सकाळी तिथे बालवाडी भरते, संध्याकाळी शिलाईचा क्लास असतो, मधल्या वेळात मंगळवारी आणि शुक्रवारी अकरा ते चार हे लोक बसतात. भिंतीवर अ अननसाचा, कोपऱ्यात पोरांच्या बुटक्या खुर्च्या एकात एक घालून ठेवलेल्या. समुपदेशन करणाऱ्या दोन मुली, आणि वस्तीतलीच एक बाई, जी नाव लिहून घेते, पाणी देते आणि आत आधी कुणाला सोडायचं ते ठरवते. तिला मी मनातल्या मनात कंट्रोलर म्हणतो. माणसाच्या चेहऱ्यावरून ती नंबर पुढेमागे करते आणि कुणी तिच्याशी भांडत नाही. आधार कार्ड मागत नाहीत. खोटं नाव सांगितलं तरी चालतं, मोबाइल नंबर खरा द्या एवढंच म्हणतात.

बाहेरच्या पाटीवर लिहिलंय, 'महिला व कुटुंब सल्ला केंद्र'. माझी पहिली तक्रार तिथूनच. पाटी अशी का, ते कंट्रोलरबाईने मला सांगितलं. डोक्याचं, मनाचं असं काही लिहिलं की बायका दारातूनच परत जातात. या पाटीखाली आलं की घरी सांगता येतं, रेशनकार्डाचं विचारायला गेले होते. बायकांपुरतं डोकं चालवलंय, मान्य. पण त्या पाटीखाली पुरुषाने कसं उभं राहायचं? मी गेलो तेव्हा बाकावर बायकांची रांग, त्यातल्या दोघी माझ्याच रिक्षातल्या रोजच्या. एकीने विचारलं, 'काय भाऊ, कुणाला न्यायला आलात?' मी हो म्हणालो आणि भिंतीला टेकून उभा राहिलो. शेवटी कंट्रोलरबाईनेच आवाज दिला, 'रिक्षावाले भाऊ, आत या, त्या फॉर्मचं बघू.' फॉर्म वगैरे काही नव्हता. त्या बाईला वेगळे पाच स्टार.

माझं दुखणं सांगितल्याशिवाय सेवा कशी आहे ते कळणार नाही, म्हणून सांगतो. घाटकोपर-मानखुर्द लिंक रोडच्या सिग्नलला, पुढे डम्पर, मागे डम्पर, आणि अचानक छाती धडधडायला लागायची. हात गार, हँडलवर घाम, श्वास पुरेना, आणि डोक्यात एकच, आता आपण इथेच गेलो. पॅसेंजरला उतरवून रिक्षा कडेला घ्यायचो. थोड्या वेळात निवळायचं, पण मग दिवसभर अंगात जीव नसायचा. गल्लीतल्या डॉक्टरने गॅस सांगितला आणि इंजेक्शन टोचलं. दुसरीकडे ईसीजी काढला, नॉर्मल. साखर नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल. शेवटी एकाने रिपोर्टची पिशवी परत देताना म्हटलं, 'तुम्हाला काही झालेलं नाही. टेन्शन घेऊ नका, चार दिवस गावी जाऊन या.' फी तीनशे. टेन्शन काय मी दुकानातून विकत आणतो? रिक्षाचा हप्ता आहे, मुलगी बारावीला आहे, चार दिवस गावी गेलो तर तो हप्ता काय डॉक्टर भरणार?

मग मी लिंक रोडच टाळायला लागलो. घाटकोपरचं भाडं आलं की गॅस संपलाय म्हणायचं. रात्री पैसे मोजताना बायकोच्या लक्षात आलं. तिला वाटलं मी प्यायला लागलोय. आईला वाटलं कुणीतरी काहीतरी केलंय. लिंबू-मिरची रिक्षाला आधीपासून होती, आता काळी बाहुली आली. अशात क्षयाच्या सर्व्हेला एक आरोग्यसेविका घरी आली. खोकला विचारला, वजन विचारलं, मग म्हणाली, 'भाऊ, झोप कशी आहे?' एवढ्या तपासण्यांत झोप कुणी विचारली नव्हती.

तिच्या सांगण्यावरून केंद्रात गेलो. आत समोर पंचविशीची मुलगी. मनात म्हटलं, ही पोर मला काय सांगणार. तर तिने बराच वेळ काही सांगितलंच नाही. नुसतं विचारत राहिली. कुठल्या सिग्नलला होतं, इंजिन चालू असतं का बंद, मागे सीटवर कुणी असतं का, तेव्हा तुम्ही हात कुठे ठेवता, आणि पहिल्यांदा झालं त्याच्या आगेमागे घरात किंवा स्टँडवर काय घडलं होतं. स्टँडवर घडलं होतं. आमच्यातला एक जण, माझ्याच वयाचा, रिक्षात बसल्या बसल्या गेला. हार्ट. त्याला उचलून हॉस्पिटलात नेणाऱ्यांत मी होतो, त्याची चप्पल माझ्या रिक्षात राहिली होती. हे मी कुठल्या डॉक्टरला बोललो नव्हतो, बायकोलाही अर्धवटच सांगितलं होतं. तिथे बोललो. रडलो वगैरे नाही, पण आवाज फुटेना. तिने पाण्याचा ग्लास सरकवला आणि घड्याळाकडे बघितलं नाही, हे मी बघितलं.

मग दोन फॉर्म भरून घेतले. एक नऊ प्रश्नांचा, उदास वाटण्याबद्दलचा, एक सात प्रश्नांचा, घाबरण्याबद्दलचा. पीएचक्यू-९ आणि जीएडी-७ अशी त्यांची नावं, जगभर दवाखान्यांत हेच वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत असं किती वेळा वाटलं, त्याला शून्य ते तीन गुण. ज्यांना वाचता येत नाही त्यांना प्रश्न वाचून दाखवतात, मराठीत नाहीतर हिंदीत. नऊ प्रश्नांतला शेवटचा मरणाच्या विचारांचा असतो. तो तिने आवाज न उतरवता, बाकीच्या आठांसारखाच विचारला. मी नाही म्हटलं, ते खरंही होतं. पण आमच्या मजल्यावरच्या पोराची गोष्ट डोक्यात आली, ती पुढे सांगतो.

उपचार काय, हे ज्याला कळत नाही तो म्हणतो, नुसतं बोलायला कशाला जायचं. म्हणून माझ्यापुरतं सांगतो. तिने पाठकोऱ्या कागदावर एक गोल काढला. छाती धडधडते, मग वाटतं हार्ट अटॅक आला, त्या भीतीने शरीर आणखी दचकतं, धडधड आणखी वाढते, की परत गोल पहिल्यापासून. हा झटका साधारण दहा मिनिटांच्या आत टोकाला पोचतो आणि मग आपोआप उतरतो. त्याने जीव जात नाही. ईसीजी माझा नॉर्मल होता म्हणून ती हे सांगू शकत होती, आधी तपासण्या केल्या ते बरंच झालं असंही म्हणाली. मग श्वास शिकवला, आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ द्यायचा. हे मला रामदेवबाबाचं वाटलं आणि मी तसं म्हटलंही. ती हसली आणि म्हणाली, 'दादा, श्वासाने बरं होत नाही. श्वासाने तुम्ही तिथे थांबू शकता. बरं तिथे थांबल्याने होतं.'

म्हणजे लिंक रोड टाळायचा नाही. आधी दुसऱ्याच्या रिक्षात मागे बसून त्या सिग्नलपर्यंत जायचं. मग पहाटे रिकामी रिक्षा घेऊन, रस्ता मोकळा असताना. मग दुपारी. मग पॅसेंजर घेऊन. प्रत्येक वेळी धडधड झाली तर पळायचं नाही, उतरेपर्यंत थांबायचं, आणि किती झाली ते शंभरपैकी आकड्यात वहीत लिहायचं. माझ्या वहीत एका बाजूला गॅसचा हिशोब आणि दुसऱ्या बाजूला भीतीचा. काही महिन्यांनी भीतीचे आकडे गॅसच्या बिलाच्या खाली आले. आता घाटकोपरचं भाडं घेतो. धडधड अजून कधीमधी होते, विशेषतः पुढचा डम्पर कचऱ्याचा असेल आणि वारा माझ्याकडे असेल तर, पण ती येते आणि जाते.

सगळ्यांचं बोलण्यावर भागत नाही, माझंही पूर्ण भागलं नाही. गोळ्या लागल्या. आणि इथे या केंद्राची खरी अडचण कळते. या मुलींना औषध लिहिता येत नाही, ते मानसोपचार डॉक्टरचं काम. त्या चिठ्ठी देतात आणि महापालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलच्या ओपीडीला पाठवतात. चिठ्ठी चांगली असते, सगळं मुद्द्याचं लिहिलेलं. पण त्या चिठ्ठीमागे माझा अख्खा दिवस जातो. रिक्षा सकाळी बंद, हार्बर लोकलचा डबा, केसपेपरची रांग, ओपीडीची रांग, मग गोळ्यांची रांग. केसपेपरचे पैसे किरकोळ आहेत, धंदा बुडतो तो किरकोळ नाही. डॉक्टरला तरी काय बोलणार, बाहेर एवढी माणसं बसलेली असताना तो मला जास्त वेळ कुठून देणार. पूर्वी महिन्यातून एकदा एक डॉक्टर केंद्रातच यायचे म्हणे. आता येत नाहीत. ते परत सुरू करा, मी अर्धा स्टार लगेच वाढवतो.

गोळ्यांबद्दल दोन शब्द, कारण आमच्या स्टँडवर याबद्दल जितकी माहिती आहे तितकी सगळी उलटी आहे. मला एस्सिटालोप्राम दिली. ती झोपेची गोळी नाही. खाल्ली आणि लगेच बरं वाटलं असंही होत नाही, गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि सुरुवातीला पोटात ढवळतं. नेमक्या याच दिवसांत माणूस गोळी सोडतो. मीही सोडली असती, पण केंद्रातून फोन आला, 'दादा, मळमळ होते का? होईल, थोडे दिवस काढा.' बरं वाटायला लागल्यावरही आपल्या मनाने बंद करायची नाही, डॉक्टर सांगेल तशी हळूहळू उतरवायची. आणि करंट, म्हणजे डोक्याला शॉक, प्रत्येकाला देत नाहीत. हे वाक्य मला स्टँडवर सगळ्यात जास्त वेळा बोलावं लागलंय.

आईची काळी बाहुली मी काढली नाही. त्याबद्दल विचारलं तेव्हा ती मुलगी म्हणाली, 'राहू दे. बाबाकडे जायचं तर जा, गोळी चुकवू नका म्हणजे झालं.' मला हे आवडलं. भाषण दिलं असतं तर आईने मला पुन्हा तिकडे पाठवलं नसतं.

आता जागा. मधे प्लायवूडचं पार्टिशन आहे, छतापर्यंत न गेलेलं. पलीकडचं ऐकू येतं. मी एका बाईचं असं काही ऐकलंय जे मी ऐकायला नको होतं, आणि ती बाई रोज माझ्यासमोरून भाजी घेऊन जाते. म्हणजे माझंही कुणीतरी ऐकलं असणार. तक्रार केल्यावर त्यांनी बाहेर मोबाइलवर भक्तिगीतं लावायला सुरुवात केली. त्याने थोडा फरक पडला, पण आत माणूस घटस्फोटाबद्दल बोलतोय आणि बाहेर पंढरीची वाट चाललीये असा प्रकार होतो. छतापर्यंत प्लाय लावायला किती खर्च येईल ते मी ओळखीच्या सुताराला विचारून सांगितलंय. बघू.

वेळ तर विचारूच नका. अकरा ते चार कोण मोकळं असतं? घरकामाला जाणाऱ्या बायका दुपारी येऊ शकतात, नाक्यावरचा मजूर, रिक्षावाला, जरीकाम करणारा पोरगा नाही येऊ शकत. संध्याकाळी सात ते नऊ ठेवा, मग बघा पुरुष येतात की नाही. महापालिकेचे 'आपला दवाखाना' संध्याकाळीही चालतात, तिथे लोक कामावरून सुटून जातात, हे डोळ्यांसमोर आहे. उत्तर मिळालं की संध्याकाळी शिलाई क्लास असतो आणि मुलींना रात्री मानखुर्दहून एकटीने घरी जायला सोयीचं नाही. दुसरं कारण मला पटलं. स्टेशनपर्यंत सोडायला मी तयार आहे असं म्हटलं, त्यावर सगळे हसले, पण मी गंभीरपणे बोललो होतो.

दुसरी मोठी तक्रार, मुली टिकत नाहीत. प्रोजेक्टचा पैसा संपला की, शिक्षण पूर्ण झालं की, दुसरीकडे बरा पगार मिळाला की जातात. मला बघणारी पहिली मुलगी केंद्र सोडून गेली. जाण्याआधी सांगून गेली, फाइल नीट लिहून गेली, दुसरीची ओळख करून दिली, यात काही चूक नाही. पण दुसरीसमोर पहिल्या दिवशी मला परत ती चप्पल, तो सिग्नल, सगळं काढावं लागलं. माझ्या शेजारी बसणाऱ्या एका काकूंनी तर सरळ सांगितलं, आता तिसऱ्यांदा सांगणार नाही, आणि यायच्या बंद झाल्या. मुलींचा पगार किती ते मला माहीत आहे, लिहित नाही. एवढंच सांगतो की मी गोवंडी-बैगनवाडी शेअरमध्ये चांगल्या महिन्यात त्याहून जास्त कमावतो.

आता त्या दहा ऑक्टोबरबद्दल. जागतिक मानसिक आरोग्य दिन, १९९२ पासून पाळतात. आमच्याकडेही पाळला. मैदानात मंडप, हिरव्या फिती, कॉलेजच्या पोरांचं पथनाट्य, बॅनरवर पाहुण्यांचे फोटो विषयापेक्षा मोठे. पथनाट्य खरंच चांगलं होतं, बेवड्याचं काम करणाऱ्या पोराने तर कमाल केली. शेवटी माईकवरून शपथ दिली, मी मनमोकळं बोलेन. लोक बोलायला तयार झाले की! पुढच्या मंगळवारी केंद्रासमोर रांग इमारतीला वळसा घालून गेली. आत मुली दोन. कंट्रोलरबाईने दुपारी दोनलाच नावं घेणं बंद केलं. जे परत गेले ते पुन्हा दिसले नाहीत, आणि त्यात दोघे जण माझ्या शब्दावर आलेले होते. स्टँडवर माईक लावून पॅसेंजर गोळा करायचे आणि रिक्षा दोनच उभ्या ठेवायच्या, याला धंदा म्हणत नाहीत.

केंद्रातल्या मुलीने मला आकडे काढून दिले, ते लिहितो. निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या बंगळुरूच्या सरकारी संस्थेने २०१५-१६ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, १२ राज्यांत. त्यात महाराष्ट्र नव्हता, हेही गंमतशीरच. अठरा वर्षांवरच्या माणसांत १०.६ टक्क्यांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, महानगरांत त्याहून जास्त. आणि आजार असून उपचार न मिळणारे आजाराप्रमाणे ७० ते ९२ टक्के. आता आमचा वॉर्ड घ्या. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांवर. त्यातली निम्मीच मोठी माणसं धरली, आणि टक्का देशाचाच धरला, डम्पिंगचा वास वगैरे काही जमेस धरला नाही, तरी चाळीस हजारांवर माणसं होतात. केंद्रात दोघी मिळून दिवसाला दहा-बारा जणांना बघतात, आठवड्यातून दोन दिवस. भागाकार तुम्ही करा. आम्हाला समजत नाही, आमच्यात जागरूकता नाही, असं बाहेरून येणारा प्रत्येक जण सांगून जातो. त्या मंगळवारची रांग मी बघितली आहे. समजत नसतं तर वळसा कशाला पडला असता?

मजल्यावरच्या पोराचं सांगतो म्हटलं होतं. त्याने स्वतःचं काही बरंवाईट करायचा प्रयत्न केला, वाचला. घरच्यांनी हॉस्पिटलात भलतंच कारण सांगितलं, पोलीस केस होईल म्हणून. डॉक्टर भलत्याच गोष्टीवर उपचार करत बसले. हे मी केंद्रात बोललो तेव्हा दुसऱ्या मुलीने सांगितलं की मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला, २९ मे २०१८ पासून लागू आहे, आणि त्याच्या ११५ व्या कलमात असं धरलंय की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता, त्याला शिक्षा करायची नाही, उलट त्याची काळजी घेणं, उपचार देणं सरकारवर आहे. अशा प्रयत्नाला शिक्षा सांगणारं जुनं ३०९ कलमही १ जुलै २०२४ पासून भारतीय दंडसंहितेबरोबरच गेलं. हॉस्पिटलात नोंद होते, पोलीस जबाब घ्यायला येऊ शकतात, पण पोराला तुरुंगात टाकायला नव्हे. ही एक गोष्ट मंडपातल्या माईकवरून सांगितली असती तर शपथेपेक्षा जास्त उपयोग झाला असता. मी ती त्या घरी जाऊन सांगितली. पोराची आई माझ्यासमोर ओट्याला धरून खाली बसली. पोरगा आता शुक्रवारी येतो, माझ्यासोबत, रिक्षाच्या पुढच्या सीटवर माझ्या बाजूला बसून, जे नियमात बसत नाही.

केंद्र बंद असतं त्या दिवसांसाठी आणि रात्रींसाठी ते १४४१६ नंबर देतात. टेली मानस, केंद्र सरकारचा, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाला. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं, गरज वाटली तर पुढे डॉक्टरशी जोडून देतात. मी एकदा रात्री अडीचला रिक्षा कडेला घेऊन फोन केला होता. माणूस बोलला, नीट बोलला. कंट्रोलरबाईने हा नंबर छोट्या चिठ्ठ्यांवर छापून ठेवलाय, मी त्यातल्या काही सीटमागे चिकटवल्यात, हवामहलाच्या फोटोशेजारी. पॅसेंजर वाचतात, काही जण हळूच मोबाइलमध्ये फोटो काढतात, विचारत कुणी नाही. स्टँडवर मात्र विचारतात. 'क्या सेठ, पागलखाने का एजंट बना क्या?' असं म्हणणाऱ्यानेच नंतर बाजूला घेऊन विचारलं, तिथे माणसाला बघतात का बाईलाच.

दारूचं प्रकरण त्यांच्याकडे नेऊ नका, त्यात त्यांचा हात तोकडा आहे. ऐकून घेतात, मग अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगचा पत्ता देतात, ज्या फुकट असतात, आणि अंग थरथरत असेल, भ्रम होत असेल तर सरळ हॉस्पिटलात पाठवतात, कारण रोज पिणाऱ्याने एकदम सोडली तर जिवावर बेतू शकतं. पत्ता देऊन भागत नाही हे त्यांनाही माहीत आहे. लहान मुलांचं, दहावी-बारावीच्या पोरांचं मात्र चांगलं बघतात, माझी मुलगी परीक्षेआधी दोनदा जाऊन आली आणि काय बोलली ते त्यांनी मला सांगितलं नाही. मी विचारून बघितलं होतं.

जाणाऱ्यांसाठी कामाचं: मंगळवारी गर्दी जास्त, शुक्रवारी जा. साडेदहालाच पोचून कंट्रोलरबाईकडे नाव द्या. आधीचे रिपोर्ट, चालू असलेल्या गोळ्यांची पानं सोबत न्या, त्या बघतात. पहिल्या वेळेला पाऊण तास धरा, धंदा त्या हिशोबाने लावा. पुरुषांनी पाटीकडे बघू नये, फॉर्मचं विचारायला आलोय म्हणून आत शिरावं. चपला बाहेर ठेवू नका, बालवाडीची पोरं सुटायच्या वेळी त्या गटारात जातात. आणि परत जाताना रिक्षा लागली तर गेटवर उभी असते, शुक्रवारी चारनंतर मीच असतो, मीटरनेच घेतो.